बोलायचं ते कप्तानानं

व्हॉलीबॉलचे नवे नियम आमच्या पाळी गावच्या मैदानावर एका सायकलच्या कॅरियरला बांधून आले. सायकल ड्रिलमास्तरांची. डिचोलीच्या एका शाळेत ते पोरांना कवायत शिकवायचे आणि हंगाम लागला की खाणपट्ट्यातल्या सामन्यांचे पंच व्हायचे. तुळशीचं लगीन आटपलं होतं, पावसाळ्यात थंडावलेली खाण पुन्हा धडधडायला लागली होती आणि आम्ही नुकतं कुठे जाळं बांधलं होतं. मास्तरांनी सायक्लोस्टाइल केलेला कागद माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना समजावून सांग म्हणाले, कारण खाण कंपनीच्या संघाचा कप्तान मी होतो.

पहिला नियम असा, की समोरच्याची सर्व्हिस जाळ्यावरच हात लावून अडवायची नाही. ती अलीकडे येऊ द्यायची, खाली घ्यायची, उचलायची, मग काय ते मारायचं. दिल्ली-मुंबईला म्हणे हा नियम केव्हाच लागू झाला होता. आमच्यापर्यंत पोचायला त्याला गोव्याचं घटक राज्य व्हावं लागलं. दुसरा नियम स्पर्धेच्या समितीनं स्वतःच्या डोक्यानं काढलेला. कंपनीच्या संघातून कंपनीत खरोखर काम करणाराच खेळेल, प्रत्येकाजवळ फोटोचं ओळखपत्र पाहिजे, भाडोत्री खेळाडू बंद. समितीतले सगळे पोट सुटलेले गृहस्थ होते. त्यांतल्या एकानंही कधी मैदानावर गुडघा फोडून घेतलेला नव्हता. नियम करायला गुडघा लागत नाही, बसायला कदेल लागतं, ऐसपैस खुर्ची, आणि तेवढं त्यांच्याकडे होतं.

हे दोन्ही नियम एकाच माणसाच्या मुळावर आले. तो घाटावरचा, चंदगडकडचा. आदल्या वर्षी कंपनीनं त्याला हंगामापुरता भाड्यानं आणला होता. सहा फुटांच्या वर उंची, हात असे की जाळ्यापाशी नुसते वर केले तरी समोरच्याची सर्व्हिस थाडकन त्याच्याच अंगणात परत जायची. दुसरं त्याला काही येत नव्हतं. खाली वाकून बॉल घ्यायचा म्हटलं की तो म्हशीसारखा चारी दिशांना पसरायचा. पण त्या एका कसबावर आम्ही आदल्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेलो होतो आणि लोक त्याच्या नावानं शिट्ट्या मारत होते.

मला तो आवडत नव्हता. हे आज सरळ लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. त्याच्यासाठी कंपनीतच टेंपररी असलेल्या माझ्या मामेभावाला संघातून वगळलं होतं आणि घरी मला त्याबद्दल रोज ऐकून घ्यावं लागत होतं. आम्ही त्याला घाटी म्हणायचो, तोंडावर. गोव्याची भाषा कोकणी की मराठी, या भांडणाचा तो काळ होता. मी स्वतः माझ्या गावच्या, आमोण्याच्या वाटेवरच्या दगडी गडग्यांवर चुन्यानं मराठीच्या घोषणा रंगवल्या होत्या, त्यापायी घरी जेवताना भांडी आदळली होती, सख्ख्या मित्राशी बोलणं टाकलं होतं. आणि अख्ख्या संघात ज्याला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती असा हा एकच माणूस, त्याला आम्ही घाटी म्हणून हिणवत होतो. तेव्हा यातली गंमत माझ्या डोक्यात शिरली नाही. आता शिरते, पण गंमत म्हणून नाही.

ओळखपत्राच्या नियमावर कंपनीनं तोड काढली. मॅनेजरनं त्याला पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. खाणीच्या रस्त्यावर लाल धुरळा उठतो तो बसवायला दिवसभर पाणी मारत फिरायचं, हे काम. नोकरी टेंपररी. हंगाम नीट खेळलास तर पर्मनंट करू, असं मॅनेजर तोंडी बोलला. पर्मनंट झालेल्याला कंपनीच्या चाळीत खोली मिळायची, आणि त्याला हवी होती ती खोली. गावाकडे बायको सासूसासऱ्यांच्या घरात होती. मुलगी दोन वर्षांची झाली होती आणि वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या बापाला बघून ती रडायची. हे तो कुणालाही सांगायचा, चहाच्या गाड्यावर, टँकरमधून मान बाहेर काढून, सांगण्यासारखं नसलं तरी. मला त्याचाही राग यायचा. असली घरची रडगाणी चारचौघांत कशाला, असं वाटायचं.

पण पहिल्या नियमामुळे तो संघात बिनकामाचा झाला होता, आणि त्याला खाली बॉल घ्यायला शिकवायचं काम कप्तान म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी ते दुष्टपणानं केलं. पहाटे, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंपू वाजायच्या आधी त्याला मैदानावर बोलवायचो आणि दहा हातांवरून बॉल त्याच्या अंगावर मारत राहायचो. त्यानं सोडून जावं, अशी माझी इच्छा होती. त्याची कोपरं सोलली, गुडघ्यांतून रक्त आलं, त्यावर तो डिझेलची चिंधी लावायचा आणि पुन्हा उभा राहायचा. महिना-दीड महिन्यानंतर एक दिवस मी मारलेला बॉल त्यानं खाली वाकून असा उचलला की तो अलगद माझ्या डोक्यावर येऊन थांबला, जिथून मी पुढे चढवून देतो नेमका तिथे. मी शाबास म्हणालो नाही. पुढचा बॉल जास्त जोरात मारला, तोही तसाच आला.

पहिल्याच सामन्यात मात्र जुनी खोड उफाळून आली. सर्व्हिस आली, याचे हात आपसूक वर गेले, मास्तरांनी शिटी मारली. पॉइंट गेला. हा जाळ्याशी जाऊन मास्तरांशी हुज्जत घालायला लागला, की बॉल आपल्याला शिवलाच नाही. व्हॉलीबॉलमध्ये पंचाशी बोलायचा हक्क एकट्या कप्तानाला असतो. दुसऱ्यानं तोंड उघडलं तर शिक्षा संघाला. मास्तरांनी लाल कार्ड दाखवलं, आणखी एक पॉइंट गेला, आणि मी शे-दोनशे लोकांसमोर त्याची गचांडी धरली. म्हणालो, "पंचानं काय पण विचारू दे, काय पण म्हणू दे, तू तोंड उघडायचं नाही. गप राहून माझ्याकडे बघायचं. बोलायचं ते कप्तानानं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

आणि त्याला खरंच कळलं होतं. त्यानंतर हंगामभर पंचाची शिटी वाजली की तो हात पाठीमागे बांधून माझ्याकडे बघायचा. चूक आमची असो, पंचाची असो. लोकांना त्याचं हसू यायचं. मला ते बघून बरं वाटायचं, एवढा लांबडा माणूस आपल्या मुठीत आहे म्हणून.

आमच्या मैदानाबद्दल एक सांगायला हवं. ते खाणीच्या गेटाबाहेर, देवळाच्या खालच्या अंगाला होतं, पण माती तीच, लाल. सुकली की दोन उड्यांत एवढा धुरळा उठायचा की जाळ्यापलीकडचा माणूस दिसायचा नाही. म्हणून तो रोज दुपारी टँकर घेऊन बाहेर यायचा आणि मैदानावर पाणी मारून जायचा. हे त्याच्या कामात कुणी लिहिलं नव्हतं. बाई माणूस सकाळी उठून अंगणात सडा घालते, त्याला कुणी काम म्हणतं का? तसंच ते होतं. टँकर मैदानावर येतो, यात कंपनीचं काही आहे, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही नव्हतं.

शिमगा पंधरा दिवसांवर आला असताना संप झाला. युनियनचा पुढारी पेडण्याचा, आधी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना बंद पाडून आलेला. तोंडाचा फटकळ आणि डोक्यानं तल्लख. मागणी एकच, सगळ्या टेंपररी कामगारांना पर्मनंट करा. कंपनी म्हणत होती हे आमचे कामगारच नव्हेत, ठेकेदाराचे आहेत. तेव्हा पुढाऱ्यानं चंदगडवाल्याचं ओळखपत्र मागून घेतलं आणि मॅनेजरच्या मेजावर आपटलं. कंपनीचा शिक्का, फोटो, खाली लिहिलेलं 'कामगार'. खेळायला हा कामगार आणि नोकरीला नव्हे? समितीच्या गलेलठ्ठांनी काढलेला नियम असा भलत्याच ठिकाणी उपयोगी पडला. युनियनच्या यादीत चंदगडवाल्याचं नाव सगळ्यांत वर चढलं. तो चार दिवस जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होता. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला असते, असं त्यानं चाळीत राहणाऱ्या दोघांना विचारून ठेवलं.

संपाचा नियम पुढाऱ्यानं देवळाच्या मंडपात सगळ्यांना ऐकवला होता. गेटातून कंपनीचं एकही चाक बाहेर पडता कामा नये. मॅनेजरनं ठेकेदाराचे टिपर ट्रक आत खनिजानं भरून तयार ठेवले होते. त्यांचे ड्रायव्हर तेवढ्यासाठीच अडले होते, की पहिला कोण होणार. पहिलं चाक फिरलं की दुसऱ्याला लाज उरत नाही, असं पुढारी म्हणाला आणि ते खरं होतं. खेळायला मात्र त्यानं परवानगी दिली. कंपनीचं नाव असलेला शर्ट नको, बाकी स्पर्धा समितीची आहे, खुशाल खेळा म्हणाला. आम्ही बनियनवर खेळायचं ठरवलं.

संपाच्या नवव्या दिवशी उपांत्य सामना होता, आमच्याच मैदानावर. नऊ दिवस पाणी नव्हतं. मैदान भाजून निघालं होतं. समितीचा आणखी एक नियम होताच, यजमान संघानं मैदान तयार ठेवलं नाही तर सामना समोरच्याला. सकाळपासून मी विहिरीवरून घागरी आणवून बघितल्या, एका घागरीनं हातभर जमीन भिजत होती. दुपारी गाड्यावर तो एकटाच चहा पीत बसलेला दिसला. मी त्याला बाजूला घेतलं आणि टँकर घेऊन ये म्हणालो.

तो थबकला. "संप हाय न्हवं, कप्तान?"

"संप रस्त्याला पाणी मारण्याचा," मी म्हणालो. "हे आपलं मैदान. इथं कंपनीचा काय संबंध? जा, पटकन मारून घे."

हे मी त्याला फसवण्यासाठी बोललो नाही. मला तसंच वाटत होतं. आणि त्यालाही ते पटलं, कारण नाहीतर तो गेला नसता. गेटावर त्या वेळी युनियनचे दोघंच पहाऱ्याला बसले होते, बाकीचे जेवायला गेलेले. त्या दोघांनाही पटलं. मैदानावर पाणी मारायचं ना, मग जा, म्हणून त्यांनी गेटाचा आडवा बांबू वर केला. पुढाऱ्यानं चाक म्हणजे चाक असं बजावलेलं असताना चार शहाणी माणसं ते चाक मोजायचं विसरली, कारण ते आमच्या खेळाचं होतं. असली चूक आमच्या पाळीतच होऊ जाणे.

टँकर बाहेर पडला आणि मॅनेजर जणू त्याचीच वाट बघत होता. बांबू खाली यायच्या आत टँकरच्या मागोमाग पहिला टिपर निघाला, मग दुसरा, मग रांगच लागली. अडलेल्या ड्रायव्हरांना सांगायला झालं की पहिला आम्ही नव्हेत, तुमचाच माणूस होता. संध्याकाळपर्यंत माल आमोण्याच्या धक्क्यावर पोचला आणि बार्ज भरायला लागली. माझ्याच गावच्या धक्क्यावर, माझ्या घराच्या पडवीतून दिसेल असा.

आम्ही मैदानावर होतो, आम्हाला यातलं काही धड कळलं नव्हतं. टिपरांचे आवाज आले तेव्हा काहीतरी तडजोड झाली असेल, असं कुणीतरी म्हणालं. ओल्या मातीचा वास येत होता आणि पाय घट्ट रोवले जात होते. त्या दिवशी तो जसा खेळला तसा आमच्या मैदानावर मी कुणाला खेळताना बघितलेलं नाही. समोरचे मुद्दाम त्याच्यावरच सर्व्हिस टाकत होते, नवा नियम आणि हा लांबडा म्हणून, आणि हा प्रत्येक बॉल खालून उचलून माझ्या डोक्यावर आणून ठेवत होता. आम्ही सरळ तीन सेट जिंकलो. सामना संपल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच. नंतर किती वेळ माझा तळवा लाल होता.

दोन दिवसांत संप मोडला. कंपनीनं तुकडा टाकल्यासारखे यादीतले अर्धे पर्मनंट करायचं कबूल केलं आणि ते अर्धे कोण हे ठरवायचं युनियनवर सोडलं. लोकांना आपसांत लावून द्यायला यापेक्षा सोपा उपाय नाही, आणि मॅनेजर त्यात मुरलेला होता. देवळाच्या मंडपात सभा भरली. मंडपाच्या पायऱ्यांपर्यंत माणसं दाटली होती आणि सगळ्यांना एकच माणूस हवा होता. त्याला मधे उभा केला. कुणीतरी त्याच्या दिशेनं थुंकलं. माझ्या शेजारचा म्हणाला की घाट्यांवर विश्वास ठेवला हीच चूक, आणि चार-पाच जणांनी मान डोलावली. त्यांतल्या दोघांनी तीन दिवसांपूर्वी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली होती.

पुढारी मात्र आरडाओरडा करणारा नव्हता. त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि शांतपणे विचारलं, "टँकर भायर काडूक तुका कोणी सांगला?"

प्रश्न नीट होता. त्याला माहीत होतं की हा माणूस आपल्या मनानं गेला नसणार. मॅनेजरनं सांगितलं असेल तर तसं सांग, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर त्याचं नाव घे, तुझं नाव यादीत राहील, असंही त्यानं पुढे सांगितलं. यापेक्षा जास्त न्यायानं कुणी वागू शकलं नसतं.

चंदगडवाल्यानं हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे बघितलं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मला आजही दिसतं. मैदानावर शिटी वाजल्यावर बघायचा तसाच बघत होता, आता कप्तान पुढे होईल आणि पंचाला काय ते सांगेल म्हणून. पुढाऱ्यानं पुन्हा विचारलं. तो पुन्हा गप्प, नजर माझ्यावर. लोकांना वाटलं, गुन्हेगार आहे म्हणून दातखीळ बसली. दोघातिघांनी वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा मी मान खाली घातली आणि माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा दुरुस्त करायला लागलो.

का, असं मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे आणि दर वेळी मोठं काहीतरी उत्तर शोधलं आहे. बायको सातव्या महिन्यात होती. मी वर्कशॉपमध्ये फिटर, पर्मनंट होऊन चार वर्षं झालेली; युनियनमधून काढला असता तर कंपनीनं दुसऱ्या दिवशी बाहेरची वाट दाखवली असती. हे सगळं खरं आहे आणि सगळं नंतर सुचलेलं आहे. त्या क्षणी मी घाबरलो, एवढंच. आणि घाबरण्याच्या खाली आणखी एक होतं. जाऊ दे, घाटीच आहे, जाईल आपल्या गावाला, असं माझ्या मनात आलं. ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तरी चपलेचा अंगठाच ओढत बसलो.

पुढाऱ्यानं तिसऱ्यांदा विचारून बघितलं. मग त्यानं कागदावरचं सगळ्यांत वरचं नाव खोडलं. त्या जागी ज्याचं नाव आलं तो माझा मामेभाऊ नव्हता, हे सांगतो, कारण आमोण्यात अजून लोक तसं म्हणतात. पण आला असता तरी मी गप्पच बसलो असतो.

कंपनीनंही त्याला ठेवलं नाही. चाक फिरवण्याचा उपयोग करून झाला होता, आणि कामगारांच्या शिव्या खाल्लेला माणूस संघात नको, असं मॅनेजर म्हणाला. ओळखपत्र परत घेतलं, आणि ओळखपत्राशिवाय अंतिम सामना खेळता येत नव्हता. त्याच्या जागी मामेभाऊ खेळला. आम्ही हरलो. घरी सगळ्यांना माझा फार अभिमान वाटला, की भावाला शेवटी संधी दिली.

तो गेला त्या सकाळी मी डिचोलीच्या स्टँडवर गेलो. कशाला गेलो ते धड सांगता येणार नाही. हातात कागदात बांधलेले पोदेराकडचे चार उंडे पाव होते, वाटेत खायला म्हणून. तो दोडामार्गच्या गाडीची वाट बघत पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. मला बघून उठून उभा राहिला, कप्तान आला की खेळाडू उठतात तसा. उंडे घेतले. घरी सगळे बरे आहेत का, वहिनींना कितवा महिना लागला, असं विचारलं. मी उत्तरं देत राहिलो. गाडी आली तेव्हा त्यानं ट्रंक टपावर चढवली, दारात पाय ठेवला आणि मागे वळला.

"तुमी बोलशीला म्हून मी गप बसलो, कप्तान," तो म्हणाला. रागानं नाही. एखाद्या नियमाचा अर्थ आपण बरोबर लावला होता का, हे विचारावं तसा.

तो उत्तरासाठी थांबला. कंडक्टरनं दोन वेळा घंटी मारली तरी दाराची दांडी धरून, माझ्याकडे बघत थांबला. मी तेव्हाही काही बोललो नाही.